बरणीला लागलेल्या मुंग्या

"दगडाला कधी मुंग्या लागत्यात व्हय? आमच्याच घरी नवल सगळं," असं आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पुटपुटल्या, आणि पुटपुटल्या त्या माझ्या डोक्यापासून दोन हातांवर, भिंतीतल्या फळीपाशी उभं राहून. मी वाकळीखाली होते. डोळे मिटलेले होते, पण झोप पहाटेच संपली होती, आणि उरलं होतं ते नुसतं पडून राहणं. आत्यांनी हात झटकल्याचा आवाज आला, मग पदर झटकल्याचा. "अंगावर चढायल्यात मेल्या." दाराकडून ह्यांचा आवाज आला, तोंडाला दाढीचा फेस असला की येतो तसा जाड. "हळू बोल की, आई. जागी असंल ती." "असू दे जागी. म्या काय तसलं काय बोलले का? मुंग्यांचं बोलले." आणि 'तसलं' हा शब्द तोंडातून गेला तशी आत्यांनी जीभ चावली. ह्यांचा पाण्याचा मग बादलीवर आपटला. आत्या पाय ओढत स्वयंपाकघरात गेल्या. मी वाकळीच्या आत श्वास धरून राहिले. मी तो शब्द ऐकला हे त्यांना कळू नये, एवढंच मला त्या क्षणी महत्त्वाचं वाटलं.

गेलं वर्षभर आमच्या घरात 'तसलं' ह्या शब्दाला एक जागा आहे, पाटपाण्याला असते तशी. 'तसलं' म्हणजे माझं दुखणं. 'त्या वेळी' म्हणजे गेला चैत्र. 'तिकडं' म्हणजे येरमाळा. शेजाऱ्यांना ह्यांनी थायरॉइड सांगितलंय. थायरॉइडला कुणी नावं ठेवत नाही, आणि त्याची गोळी पण रोजचीच असते, त्यामुळं कुणी डबी बघितली तरी निभावतं. ती सकाळी उपाशीपोटी असते आणि माझी गोळी रात्रीची आहे, पण शेजारी तेवढं कुठं विचारतात. आत्या तर देवीचं नावसुद्धा घेईनाशा झाल्या. आमची देवी येरमाळ्याच्या डोंगरावरची, येडाई. सगळा मुलूख तिला याच नावानं हाक मारतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण वर्षभर आत्या माझ्यासमोर नुसतं 'डोंगरावरची आई' म्हणतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांची जिभेची सवय त्यांनी माझ्यासाठी मोडली. हे मला कळत होतं आणि त्याचं ओझंही वाटत होतं. माणसं आपल्याभोवती पायाच्या चवड्यावर चालायला लागली, की आपल्यालाच वाटायला लागतं, आपण झोपलेलं काहीतरी आहोत, आणि जागं झालो तर बरं नाही.

कारण विचारतात सगळे. सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनीसुद्धा पहिल्यांदा विचारलं होतं. कारण असतं तर मी दिलं असतं. मला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. नवरा जनावरांच्या दवाखान्यात परिचर आहे, पगार वेळेवर होतो, मुलगी निकिता लातूरला नर्सिंगला आहे, स्वतःच्या गुणांवर. धाराशिवला सांजा रोडवर दोन खोल्यांचं का होईना घर आहे, आणि माझं ब्लाउजचं शिलाईचं काम गल्लीत कुणापेक्षा कमी नाही. ह्या सगळ्यात एक दिवस मी मशीनवर बसले आणि सुईत दोरा ओवता आला नाही. डोळे चांगले होते. हातही थरथरत नव्हते. फक्त दोरा ओवून पुढं काय, हे आठवेना. मग दुसऱ्या दिवशीही नाही, आणि तिसऱ्या दिवशी मशीनवर बसावंसंच वाटलं नाही. अकरा दिवस मी केस विंचरले नाहीत. बाराव्या दिवशी आत्या मागं येऊन बसल्या, तेल ओतलं, गुंता सोडवला, आणि सोडवताना एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्यासारखी बाई, जी दळणाच्या पिठात हात घातला तरी काहीतरी बोलते. मला त्या न बोलण्याचीच भीती वाटली.

त्यातच चैत्राची पौर्णिमा आली. आत्यांचा नेम आहे, दरवर्षी येरमाळ्याला जायचं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी डोंगरावरून खाली उतरते आणि वाटेवर चुन्याच्या रानात माणसं खाली वाकून चुनखडीचे खडे वेचतात. पाच वेचायचे आणि आमराईतल्या देवळापाशी ढिगावर टाकायचे, एवढंच. जुन्या काळी त्याच चुन्यानं देऊळ रंगवायचे म्हणतात. लाखभर माणसं वाकलेली असतात, पोरं, म्हातारी, इस्त्रीच्या कपड्यातले साहेबलोक, आणि सगळ्यांच्या हातात तेच पांढरे खडे. मला ते लहानपणापासून आवडायचं. गेल्या वर्षी मी पण वाकले. पाच वेचले. मग सहावा दिसला. मग मला थांबताच येईना. मी वेचत गेले, पदरात टाकत गेले, गर्दीतून बाजूला, बांध ओलांडून, ऊन डोक्यावर घेऊन. खडा उचलला की तेवढा एक क्षण डोक्यात काही नसायचं, म्हणून पुढचा. हे सगळे संध्याकाळपर्यंत मला शोधत होते. मी सापडले ती कुणाच्या तरी रानातल्या विहिरीच्या काठावर बसलेली, पदरात ओटीभर चुनखडी. ह्यांनी मला दंडाला धरून उठवलं. धरलं ते भिजलेल्या वासराला धरतात तसं, घट्ट आणि पडू न देता. एस.टी.त आम्ही तिघं एका बाकावर बसलो होतो आणि येरमाळ्यापासून धाराशिवपर्यंत कुणीही काहीही विचारलं नाही. पदराची गाठ घरी येईपर्यंत तशीच होती. ती सोडायचंही कुणाला धाडस होईना. शेवटी आत्यांनी सोडली, खडे पितळी डब्यात ओतले, वर प्रसादाची खडीसाखरेची पुडी ठेवली आणि भिंतीकडं बघून म्हणाल्या, "आईचं हाय ते. घरी आणत न्हाईत. पुढल्या चैत्राला परत न्यायचं." म्हणजे पुढला चैत्र येणार आणि त्यात मी असणार, हे त्यांनी डब्याचं झाकण लावता लावता ठरवून टाकलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, निकितापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मोठं काही ठरवू नका. बरं व्हायचं असं पण ठरवू नका. सकाळी उठल्यावर स्वतःचं अंथरूण स्वतः घडी करायचं. तेवढंच. मला हसू आलं होतं, सोलापूरपर्यंत एस.टी.नं येऊन वाकळ घडी करायला शिकायचं. पण ती घडी जमायला मला पंधरा दिवस लागले. मग निकितानं फोनमध्ये एक काहीतरी घालून दिलं, सवयींचा तक्ता. रोज केलं की त्यात जाळाची खूण पेटायची, एक दिवस चुकला की जाळ विझायचा आणि आकडा शून्यावर यायचा. दोनदा माझा जाळ विझला. तिसऱ्यांदा मी फोनच पीठ चाळायच्या चाळणीखाली ठेवून दिला. ज्या बाईला उठून बसायला अर्धा तास लागतो तिला शून्य दाखवू नये, एवढं त्या फोनला कुठलं कळायला. दसऱ्यानंतर मला त्या खड्यांची आठवण झाली. लोणच्याची रिकामी काचेची बरणी फळीवर होती. मी पाच कामं ठरवली, पाच खडे वेचतात म्हणून पाच. वाकळ घडी करायची. पेलाभर पाणी उभं न राहता, बसून, घोट घोट प्यायचं. केस विंचरायचे. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन, तिथून हातलाईचा डोंगर दिसतो, तो बघून परत यायचं. आणि दिवसात एक तरी टाका घालायचा, मग बटण का असेना. पाचही झाली की डब्यातला एक खडा बरणीत. झाली नाहीत तर नाही. शून्य नाही, विझणं नाही, फक्त त्या दिवशी खडा नाही. हा नियम मी केला होता आणि तो मी पाळला. मी पुष्कळ बाबतीत खोटी वागले असेन, पण बरणीशी नाही.

बरणी गळ्याशी आली होती. यात्रा रविवारी होती आणि सोमवारी सोलापूरचा नंबर. मनात मी सगळं जुळवून ठेवलं होतं. बरणी भरलेली येरमाळ्याला न्यायची, ढिगावर रिकामी करायची, आणि सोमवारी डॉक्टरीणबाईंना म्हणायचं, झालं, मी बरी झाले, गोळी बंद करा. बरणी भरली की मी बरी, असं ते होतं. म्हणून त्या गुरुवारी सकाळी मी उठून बसले तेव्हा मला आधी आठवण झाली ती बरणीची नाही, माझ्या डोक्याची. मानेपाशी केसांचा गोळा झाला होता. सोमवारी विंचरले नव्हते. मंगळवारीही नाही. चौथा दिवस होता, आणि चारही दिवस मी कुणाला काही म्हणाले नव्हते, मीच मला काही म्हणाले नव्हते. उन्हाळा आहे, उकडतंय, थकवा येतो, असं म्हणत होते. पण तो थकवा ओळखीचा होता. दारावर उभं राहून, हाक न मारता, कुणीतरी नुसतं कडीला हात लावावा, तसा तो येतो.

हे दवाखान्यात गेले, आत्या देवळाकडं गेल्या, तेव्हा मी फळीपाशी उभी राहिले. मुंग्यांची ओळ खिडकीच्या चौकटीतून खाली, फळीवरून आडवी, बरणीच्या काचेवर चढून झाकणाखाली आत जात होती. काळ्या बारीक मुंग्या, घाईत पण शिस्तीत. मी झाकण काढलं आणि बरणी परातीत उलटी केली. खडे खडखडत पडले आणि मुंग्या चहूकडं पांगल्या. माझे खडे मला ओळखू येतात. येरमाळ्याच्या त्या रानातले आहेत ते, मळकट पांढरे, खाचांत तांबूस माती धरलेली. सहा महिने रोज एकेक हातात घेतलाय मी. परातीत ते होते. पण त्यांच्यात दुसरेही होते. गुळगुळीत, करडे, खाचांत काळी चिकट माती असलेले. असली काळी माती आमच्या ह्यांच्या बुटाला असते, आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडं लसीकरणाच्या शिबिराला जाऊन आले की. आणि सगळ्यांच्या मध्ये, मुंग्यांनी अर्धा खाल्लेला, कडा झिजलेला, खडीसाखरेचा एक मोठा खडा.

मला आधी हसू आलं. परातीपाशी उकिडवी बसून मी एकटीच हसले. डब्यातली खडीसाखरेची पुडी फाटलेली असणार, आणि ज्या हातानं तो खडा उचलला त्या हाताच्या मालकिणीच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन म्हटलं की ती म्हणते, मला काय आता सुईत दोरा ओवायचाय. म्हणजे आत्या. रोज सकाळी 'दगडं इकडचं तिकडं करून कुणी बरं हुतंय व्हय' म्हणणाऱ्या आत्या. आणि काळ्या मातीचे हे. दोघं एकमेकांना न सांगता. माझी बरणी भरावी म्हणून. मग हसू खाली बसलं आणि त्याच्याजागी राग आला, इतका की माझं मलाच नवल वाटलं, कारण राग येऊनसुद्धा वर्ष झालं होतं. संक्रांतीच्या सुमाराला पाच-सहा दिवस मी उठले नव्हते. निकिता सुट्टी संपवून गेली तेव्हा तीन दिवस. मला ते आठवत होतं, पण बरणीकडं बघितलं की ती वाढलेली दिसायची, आणि मी म्हणायचे, उठले असेन मग. केलं असेल. ह्या दुखण्यात विसरायला होतंच. मी माझ्या आठवणीपेक्षा बरणीवर विश्वास ठेवला. माझ्या बरं होण्यात किती खडे माझे होते आणि किती दुसऱ्यांनी टाकलेले, हे आता मला कोण सांगणार. ज्या दिवशी मी काहीच केलं नाही, त्या दिवशी बरणीत दोन-दोन खडे पडले असणार.

तरी मुंग्यांचं करावं लागलंच. परात तशी सोडता येत नव्हती. मी खडे पुसले, खडीसाखर कागदात बांधली, फळी ओल्या फडक्यानं पुसली, कडेनं हळदीची रेघ ओढली. मग हात धुतले. हात धुतलेच होते म्हणून पेलाभर पाणी घेतलं आणि खाली बसून प्याले. पाणी आठ दिवसांपूर्वीच्या नळाचं, रांजणातलं, थोडं मातकट आणि खूप गार. ते छातीतून खाली उतरताना मला कळत होतं. वाकळ पसरलेली होती तिची घडी घातली. केसांकडं हात गेला आणि परत आला. तेवढं नाही जमलं. पाचातली दोन, म्हणजे खडा नाही. मी खडे पुन्हा बरणीत भरले, सगळेच, आणि झाकण लावलं.

शुक्रवारी दुपारी मी मुद्दाम भिंतीकडं तोंड करून पडले. आत्या आल्या. त्यांच्या गुडघ्यांचा आवाज मला पाठ आहे, आधी डावा, मग उजवा. त्या माझ्यामागं खाली टेकल्या आणि त्यांनी अगदी हलक्या हातानं माझ्या केसांना हात लावला. डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बोटांनी बघत होत्या, विंचरलेत का. गुंत्यावर बोटं थांबली. एक लांब सुस्कारा. मग उठल्या, डब्याचं झाकण, बोटांची चाचपणी, आणि बरणीत टक्. "आई, आजचा धर तिचा," त्या फळीकडं बघून डोंगरावरच्या आईला म्हणाल्या, हलक्या आवाजात, पण वाण्याला सांगावं तशा रोखठोक. "उद्या उठंल ती." आणि संध्याकाळी हे आले. चष्मा शर्टाच्या खिशात असताना फळीवर चष्मा शोधू लागले. ह्यांचं मला नेहमी नवल वाटतं. म्हशीला काय होतंय ते हा माणूस नुसता कान हातात घेऊन सांगतो. उस्मानाबादी शेळ्यांचे कळप घेऊन माणसं येतात आणि म्हणतात, शिवशंकरभाऊ, हिनं दोन दिवस चारा सोडलाय, आणि हे तिच्याशी बोलत बसतात, काय गं, काय झालं, कुठं दुखतंय. माझ्याशी बोलायला मात्र ह्यांना चुनखडी लागली. टक्. मी स्वयंपाकघरातून बघत होते. भाकरी थापता थापता माझा राग कुठंतरी पिठात गेला. उरली ती नुसती विचित्र भीती. ही दोघं कशाला भ्यायली आहेत? बरणी रिकामी दिसली तर काय होईल असं दोघांना वाटतं? मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही होतं. रात्री निकिताचा फोन आला, ती म्हणाली, "मम्मी, आज काय काय केलंस?" मी म्हणाले, "मुंग्या मारल्या." "म्हणजे ठीक आहेस ना?" "ठीक म्हणजे कशी?" ती गडबडली. "म्हणजे... तसलं नाही ना काही?" लातूरपर्यंत पोचला होता तो शब्द.

रविवारी एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. बरणी पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. आत्या खिडकीपाशी, हे दांडीला लोंबकळत. हायवेवर येरमाळ्याच्या अलीकडंच गाड्या थांबवलेल्या होत्या, तिथून चालत. हलग्या, उदो उदो, हळदीनं पिवळी झालेली माणसं, उसाचा रस, फुगे, माइकवरून हरवलेल्या म्हातारीचं नाव. मला गर्दीची भीती वाटेल असं ह्यांना वाटत होतं, ते सारखे माझ्या दंडाशी होते. उलट मला बरं वाटत होतं. एवढ्या आवाजात माणूस स्वतःला फार ऐकू येत नाही. चुन्याच्या रानात पालखी पुढं गेली होती आणि माणसं वाकलेली होती, तशीच, लाखभर. आत्या वाकल्या. बोटांनी चाचपत त्यांनी पाच खडे वेचले. मग आम्ही आमराईकडं न वळता, कसं कोण जाणे, बांधाकडं चालत राहिलो. मी पुढं, ते दोघं माझ्यामागं. थांब असं कुणी म्हणालं नाही. बांधापलीकडं ती विहीर होती. कठड्यावर आता कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या, आणि मोटारीच्या पाइपाला कुणाचं तरी लहान झबलं लटकत होतं. मला वाटलं होतं ती विहीर बघून मला काहीतरी होईल. वर्षभर ती माझ्या डोक्यात फार मोठी होती. इथं ती साधी होती, चांगली बांधलेली, आणि मिरच्यांमुळं ठसका येत होता.

बांधावरच्या बाभळीखाली आम्ही बसलो. हे पाण्याची बाटली उघडायला लागले. मी बरणी काढली, पदर पसरला आणि खडे त्यावर ओतले. मग एकेक वेचायला लागले. तांबूस मातीचे इकडं, काळ्या मातीचे तिकडं.

"काय निवडायलीस?" आत्यांनी विचारलं.

"माझे वेगळे करायलेय."

"दगडाला काय नावं असत्यात व्हय."

मी पिशवीतनं कागद काढला, खडीसाखरेचा उरलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चिमटीत फिरवला, वास घेतला, जिभेला लावला. त्यांचं तोंड गोड झालं आणि चेहरा पडला, दोन्ही एकदम. "डोळं गेलं बघ माझं," त्या म्हणाल्या.

"आणि हे?" मी काळ्या मातीचे दाखवले. ह्यांनी बाटलीचं झाकण लावलं, परत काढलं. "वाशीचं रान हाय," ते म्हणाले. "चुनखडी चांगली मिळती तिथं."

"किती टाकले?"

"दोन-चार."

"पदरात बघा की."

"मग लई असतील." ते माझ्याकडं न बघता, जनावराशी बोलतात त्या आवाजात म्हणाले, "तू उठली न्हाईस आन् बरणी बी तशीच दिसली तर... म्हणलं भर पडलेली बरी. तुला उमेद यील. तसलं काय पुन्हा..." आणि त्यांनी बाटलीचं झाकण परत लावलं. मागं हलगी वाजत होती. मी खडे निवडत राहिले. माझे निम्म्याहून जास्त होते. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त. तांबूस मातीचे, एकेक दिवसाचे. आत्यांचे ओळखायला मार्ग नव्हता, ते माझ्याच डब्यातले होते, माझ्यात मिसळून गेलेले. अंदाजानं तेवढे वगळले तरी चांगली ओंजळ उरत होती. मी मनात म्हणाले, एवढे दिवस मी खरंच उठले होते. कुणीतरी टाकलेले नव्हते ते.

"पोरी," आत्या म्हणाल्या. आवाज वेगळा होता. हातातल्या पाच खड्यांवर त्यांनी मूठ आवळली होती. "गेल्या साली तू हितं जीव द्यायला बसली व्हतीस का?"

"आई," हे म्हणाले.

"तू गप रं. साल झालं गपच हाव की आपण समदी. दगडं टाकून टाकून हात दुखाय लागलं माझं." त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं. चांगला डोळा माझ्यावर नव्हता, जरा बाजूला, मिरच्यांवर होता, पण त्या मलाच बघत होत्या. "सांग. म्या रागावणार न्हाय. साल झालं इचारीन इचारीन म्हणती आन् जीभ उचलत न्हाय."

मला वाटायचं, हा प्रश्न कुणी विचारला तर घर खाली येईल. काही आलं नाही. झबलं पाइपावर हललं. दूर माइकवर सांगत होते की हरवलेली म्हातारी सापडली आहे, तिच्या माणसांनी येऊन घेऊन जावं. माझ्या मांडीवर खड्यांचे दोन ढीग होते आणि आत्यांचा खडीसाखर लागलेला चिकट हात माझ्या गुडघ्यावर आला होता. हे हातातली बाटली धरून बसले होते, शिबिरात एखादं बिथरलेलं जनावर शांत व्हायची वाट बघतात तसे, अजिबात न हलता.

"व्हय, आत्या," मी म्हणाले. "त्यासाठीच बसले होते. पदर जड होता आणि मला वाटत होतं आता उठूच नये. नंतर तुम्ही आलात." मग, कारण तेवढंच खरं नव्हतं, मी ह्यांच्याकडंही बघून म्हणाले, "आणि आता आठवडा झाला, केस विंचरले न्हाईत. परत तसंच जड व्हायलंय. उद्या गोळी बंद करा म्हणून सांगणार होते, ते आता सांगणार न्हाय. दोघंही चला माझ्यासंगं. मला भ्या वाटायलंय."